पाट्याच्या पटाशीला धार टिकत नाही तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा एकाच तऱ्हेची असते. ट्रकचा जुना पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, भंगारातून आणला, कापून-घासून त्याची कातकामाची पटाशी केली, लाल करून तेलात बुडवली. लेथवर पहिली काही मिनिटं लाकडाची लांब, सलग साल निघते. मग साल तुटायला लागते, भुसा पडतो, हाताला जोर लागतो आणि लाकडावर खरखरीत पट्टे उमटतात. ग्राइंडरवर धार लावली की थोडा वेळ बरं चालतं, आणि पुन्हा तेच. या पाजवण्यातच पटाशी आखूड होत जाते आणि शेवटी माणूस म्हणतो, भंगारातलं पोलाद ते भंगारच.

हे मला अजिबात मान्य नाही. ट्रकचा पाटा वर्षानुवर्षं टनांचं ओझं झेलतो, तो हलक्या पोलादाचा असूच शकत नाही. बहुतेक वेळा चूक त्याला उष्णता देताना झालेली असते, कधी भट्टीत आणि कधी ग्राइंडरवर. नेमकी कुठली चूक, ते कळायला पटाशी पुन्हा पाजवण्याआधी भिंगाखाली धरा.

बसलेल्या धारेवर उजेडाची बारीक रेघ चमकते. ती रेघ नीट बघा. धार एका बाजूला वळली असेल, नखाला अडकत असेल, तर पोलाद मऊ राहिलंय. बारीक खाचा पडल्या असतील, कपच्या उडाल्या असतील, तर ते ठिसूळ आहे, नाहीतर धारेचा कोन फार बारीक घेतलाय. वळलेली नाही, खाचा नाहीत, नुसती गोल झालीय, तर ती साधी झीज. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर बिघाड वाढतो. ठिसूळ हत्याराला आणखी कडक पाणी दिलं (पाणी देणं म्हणजे लाल तापवून बुडवून कडक करणं) तर ते कामातच मोडेल, आणि फिरत्या लाकडाजवळ मोडलेला तुकडा थेट तोंडावर येऊ शकतो.

धार वळते

सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

पहिला गैरसमज असा की पाटा मुळातच कडक असतो, त्यामुळे घासून धार काढली की काम झालं. ट्रकखाली असताना पाटा रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ४२ ते ४८ असतो. त्याला वाकून परत सरळ व्हायचं असतं, म्हणून कारखान्यात तो मुद्दाम तेवढाच ठेवतात. लाकूड कातायच्या धारेला ५८ ते ६० लागतात. म्हणजे पाट्याला नव्यानं पाणी द्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट लोहाराची. पश्चिम महाराष्ट्रात उसाचा कोयता पाट्यापासूनच होतो आणि तो बनवणाऱ्या लोहारांचा हात या पोलादावर पक्का बसलेला असतो. पण कोयत्याचं पाणी वेगळं. तो दिवसभर उसाच्या बुडख्यावर आपटतो, मध्येच खड्यावर बसतो, आणि फडातच कानस मारून त्याला धार लावायची असते. म्हणून कोयता इतपतच कडक ठेवतात की कानस त्याला लागावी आणि खड्यावर बसल्यावर धार वळावी, तुकडा उडू नये. तुम्ही पटाशी नेऊन नुसतं "पाणी द्या" म्हणालात, तर लोहार त्याच्या अनुभवाप्रमाणे कोयत्याचंच पाणी देणार. त्याचं काहीच चुकत नाही. त्याला सांगा, "दादा, हे लेथवर लाकडाला लावायचंय, आपटायचं नाही. कानस घसरली पाहिजे इतकं कडक ठेवा, आणि पाणी पिवळ्या रंगावरच थांबवा, निळ्यापर्यंत उतरवू नका." एवढ्या दोन वाक्यांनी फरक पडतो. (उतरवणं म्हणजे पाणी दिलेलं पोलाद पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं; तापेल तसे त्यावर पिवळ्यापासून निळ्यापर्यंत रंग चढतात.)

घरी भट्टी लावणाऱ्यांची अडचण तापमानाची. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की बुडवायचं, असा नियम सांगितला जातो. पोलादाचं चुंबकत्व साधारण ७७० अंश सेल्सिअसला जातं. कानशीसारख्या जास्त कार्बनच्या पोलादाला त्याच्या थोडंसं वर गेलं तरी पुरतं. पाट्याचं पोलाद मात्र ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचं, आणि ईएन ४५ सारख्या जातीत दीड-दोन टक्के सिलिकॉनही असतं. सिलिकॉनमुळे पोलाद आतून पूर्ण बदलायचं तापमान वर सरकतं. अशा पाट्याला ८५० ते ९०० अंश लागतात. चुंबक सुटलं तिथंच बुडवलात तर वरवर कडक आणि आतून अर्धवट असं काहीतरी हाती येतं. चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक-दोन छटा उजळू द्या, लाल संपून नारिंगी सुरू होतो तिथपर्यंत, आणि जाड तुकडा असेल तर दोन-तीन मिनिटं तिथंच धरा. हे काम सावलीत करा. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग प्रत्यक्षापेक्षा मंद दिसतो आणि माणूस नकळत जास्त तापवतो.

तेलाकडं फारसं कुणी बघत नाही. वाडगाभर तेलात जाड पटाशी बुडवली तर तेल लगेच तापतं आणि पोलाद हळूहळू थंड होतं, म्हणजे पाणी लागतच नाही. पटाशीच्या कामाला चार-पाच लिटर तेल हवं, लोखंडी उभ्या डब्यात, झाकणासकट. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं साधं तेल चालतं. गाडीचं जळकं तेल फुकट मिळतं खरं, पण त्याचा धूर छातीत जायच्या लायकीचा नाही. तेल आधी ५०-६० अंशांपर्यंत गरम करून घ्या. पातळ झालेलं तेल उष्णता लवकर ओढतं. पटाशी उभी बुडवा, वर-खाली हलवा. आडवी ढवळली तर ती केळीसारखी वाकून बाहेर येते. पाण्यात बुडवायचा मोह टाळा, पाट्याच्या पोलादाला पाण्यात तडे जातात.

आता तपासणी. बुडवून काढल्यावर नवी धारदार कानस फिरवून बघायची. घसरली तर कडक, चावली तर मऊ. इथं एक फसगत होते. भट्टीत हवेतल्या ऑक्सिजननं पोलादाच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो, त्यामुळे खपलीखालची पातळ कातडी मऊ राहते आणि आतलं पोलाद उत्तम असूनही कानस चावते. म्हणून आधी अर्धा मिलिमीटर घासून काढा आणि मगच निकाल लावा. त्याच कारणानं भट्टीत जाण्याआधी धार अगदी बारीक करू नका. दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवा, बाकीची नंतर घासा.

सगळं नीट करूनही कानस चावतेच, तर पोलादच कडक न होणारं आहे. बांधकामाच्या सळईच्या पटाश्या करून निराश झालेले लोक मी बरेच पाहिलेत. टीएमटी सळईत, एफई ५०० जातीत, कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के असतो. कारखान्यात पाण्याच्या फवाऱ्यानं तिची कातडी तेवढी कणखर करतात. धार टिकेल इतका कार्बन तिच्यात नाहीच. तिला कितीही पाणी द्या, उपयोग होणार नाही. पटाशीचा दांडा करायला मात्र ती चांगली.

ग्राइंडरवरचा निळा डाग

भट्टीत सगळं बरोबर झालं, पहिली धार छान टिकली आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाजवणीपासून त्रास सुरू झाला, तर दोष ग्राइंडरवर शोधा. साध्या कार्बन पोलादाची पातळ धार ग्राइंडरवर क्षणात तापते. फिकट पिवळा रंग म्हणजे २०५-२१५ अंश, गडद पिवळा २३०, तपकिरी २५५, जांभळा २८०, निळा ३०० च्या आसपास. धारेवर निळा दिसला की तिथलं पाणी उतरलं. मग लोक निळा डाग पॉलिशनं पुसतात आणि धार स्वच्छ दिसते म्हणून कामाला लागतात. डाग वरचा गेला तरी मऊपणा आत तसाच राहतो. निळ्या भागाच्या मागं जाईपर्यंत धार थंडपणे घासून काढावी लागते.

कार्बन पोलादाला ग्राइंडरवर हलका हात आणि जवळ पाण्याचा डबा, प्रत्येक ओढीनंतर बुडवणं, हे नेमानं करायचं. दगड गुळगुळीत होऊन चमकायला लागला असेल तर तो ड्रेसरनं, म्हणजे दगड खरवडायच्या हत्यारानं, उघडा करा, चमकता दगड कापण्यापेक्षा तापवतोच जास्त. शेवटची धार हातानं ऑइलस्टोनवर घ्या. आणि दर वेळी ग्राइंडरकडं धावू नका. धार जराशी बसली की दगडाचे चार हात पुरतात.

कपच्या उडतात

हा त्रास जुन्या कानशीच्या हत्यारांना जास्त. कानशीत एक टक्क्याच्या वर कार्बन असतो आणि कडकपणा रॉकवेल ६० च्या पुढं. धार सुंदर लागते, म्हणूनच कानशीची पटाशी करायचा मोह होतो. पण कानस आहे तशी घासून लेथवर लावणं धोक्याचं आहे आणि हे मी मनापासून सांगतो, असं करू नका. टूल रेस्टच्या, म्हणजे लेथवर हत्यार टेकवायच्या आधाराच्या, पुढं काढलेली कानस लाकडात अडकली तर काचेसारखी तुटते.

तिला आधी उतरवा. ओव्हनमध्ये २०० ते २३० अंशांवर एक तास, थंड होऊ द्यायची, पुन्हा एक तास. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत साधा ओव्हन थर्मामीटर ठेवा. मुठीत जाणारं टोक आणि त्यालगतचा भाग गॅसच्या ज्योतीवर निळा होईपर्यंत तापवा, धारेकडचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळून. दाते पूर्ण घासून काढा, विशेषतः टेकणाऱ्या बाजूचे, कारण प्रत्येक दात्याचं मूळ हे तडा सुरू व्हायची जागा असते. आणि मुठीत जाणाऱ्या टोकाला जिथं काटकोनी खाच असते तिथं गोलाई द्या. मोडलेली हत्यारं बघा, बहुतेक तिथंच मोडलेली असतात.

स्वस्तातल्या काही कानशी आत मऊ लोखंड आणि वर पातळ कडक कातडी अशा असतात. दोन-तीन वेळा पाजवल्यावर कातडी संपते आणि धार वळायला लागते. कोपरा मोडून बघितला की बाहेर बारीक राखाडी कडा आणि आत वेगळा पोत, असं दोन रंगांत दिसतं.

पाट्याच्या पटाशीच्या कपच्या उडत असतील तर तीन जागा तपासा. पाणी दिल्यावर उतरवलंच नाही, हे पहिलं. बुडवल्यानंतर पोलाद हाताला सोसवेल इतकं गार झालं की लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर रात्रीत आपोआप तडा जाऊ शकतो. दुसरं, भट्टीत जास्त तापलं. पांढरट पिवळ्यापर्यंत नेलेल्या पोलादाचा दाणा मोठा होतो आणि ते ठिसूळ बनतं. हे दुरुस्त होतं: नारिंगी होईपर्यंत तापवून हवेत काळं होईपर्यंत गार करायचं, असं तीनदा, दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून. दाणा पुन्हा बारीक होतो. पाट्यावर ठोकाठोकी केली असेल तर हे पाणी देण्याआधी नेहमीच करावं.

तिसरी जागा म्हणजे पाट्यातले जुने तडे. लाखो वेळा वाकलेल्या पोलादात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि क्लॅम्पखाली जास्त. तो भाग घेऊच नका. उरलेला तुकडा घासून स्वच्छ करा, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये थोडा वेळ बुडवा, कोरडा पुसा आणि वर पांढरा खडू फासा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल खडूवर ओली रेघ काढतं. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यावर तुमचे डोळे अवलंबून आहेत. गॅस कटरनं कापलेला पाटा मिळाला असेल तर कापलेल्या कडेपासून बोटभर भाग सोडून द्या.

कोनाचं थोडक्यात: पाट्याच्या पोलादाची स्क्रेपर, म्हणजे खरवडायची पटाशी, ७० ते ८० अंशांवर ठेवा, गोल पटाशी ४५ च्या आसपास. तिरप्या पटाशीची धार २५ अंशांपर्यंत बारीक नेली तर सुक्या बाभळीवर कपच्या उडणारच, ३५-४० वर आणा.

नुसती झिजते

धार वळत नाही, तुटत नाही, पण सागावर काम करताना भराभर गोल होते, तर पोलादाचा आणि तुमचा दोघांचाही दोष नाही. सागात सिलिका असते आणि ती धार खाते. सालीत अडकलेली मातीही तेच करते, म्हणून ओंडका चढवण्याआधी साल काढून घ्या. पांगारा, शिवण, आंबा अशा लाकडांवर पाट्याची पटाशी उत्तम चालते. सावंतवाडीची लाकडी खेळणी हलक्या लाकडाची होतात, तिथं कार्बन पोलादाला काहीच अडचण नाही. सुकी बाभूळ, चिंच, शिसव, साग यांची वाटी आतून कोरायची असेल तर मात्र एचएसएस हवं.

एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टील. टेलर आणि व्हाइट यांनी अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कारखान्यात त्याची उष्णता-प्रक्रिया बसवली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते टोक लाल होईपर्यंत तापूनही लोखंड कापताना लोकांनी पाहिलं. एम २ या नेहमीच्या जातीत साधारण सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम, चार टक्के क्रोमियम आणि दोन टक्के व्हॅनेडियम असतं. ५५०-६०० अंशांपर्यंत ते कडकपणा सोडत नाही, म्हणून ग्राइंडरवर निळं झालं तरी बिघडत नाही. फक्त तापलेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, धारेत सूक्ष्म तडे जातात. त्याला हवेतच गार होऊ द्या.

आणि हे पोलाद भट्टीत घालूच नका. त्याला पाणी द्यायला १२०० अंशांच्या जवळपास, मोजूनमापून उष्णता लागते. घरच्या भट्टीत ते लाल केलं की कारखान्यात मिळालेला कडकपणा जातो आणि तो आपल्याला परत आणता येत नाही. एचएसएस फक्त घासून आकारात आणायचं.

भंगारात ते मिळतं कुठं? वर्कशॉपमध्ये तुटलेली पॉवर हॅकसॉची जाड पाती, रंध्याच्या मशिनची जुनी पाती, झिजलेले टूल बिट, म्हणजे लोखंड कातायच्या लेथवरचे छोटे कापणारे तुकडे. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात वर्कशॉपवाल्यांना नीट विचारलं तर मिळून जातात. पॉवर हॅकसॉचं पातं विभाजनी पटाशीला, म्हणजे खाच पाडायच्या पटाशीला, झकास. मात्र बायमेटल पात्याचे फक्त दाते एचएसएसचे असतात आणि पाठ स्प्रिंगच्या पोलादाची. ओळखायचं ठिणगीवरून: पाठ ग्राइंडरला लावा. एचएसएसच्या ठिणग्या मोजक्या, मंद तांबूस, फुलं न फुटणाऱ्या. कार्बन पोलादाच्या उजळ, आणि कार्बन जितका जास्त तितक्या फुटणाऱ्या चांदण्या दाट. मऊ लोखंडाच्या लांब, सरळ, क्वचितच फुटणाऱ्या. शेजारी एक कानस, एक सळई आणि एक ड्रिल ठेवून तुलना केली तर अंदाज पटकन बसतो.

माझं मत विचाराल तर वाटी कोरायला घरी बनवण्यासारखं सगळ्यात भरवशाचं हत्यार हे: १२ किंवा १६ मिलिमीटरचा मऊ लोखंडी गज, त्याच्या टोकाला भोक पाडून बसवलेला ६ मिलिमीटरचा एचएसएस टूल बिट, वरून तो घट्ट धरायला एम ५ किंवा एम ६ चा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). भट्टी नाही, तेल नाही, आणि धार संपली की बिट पुढं सरकवायचा. पाटा मी ओंडका गोल करायच्या मोठ्या पटाशीला राखून ठेवीन, कारण तिथं धक्के बसतात आणि पाट्याचा चिवटपणा कामी येतो.

आधी पट्टी मोडून बघा

नवीन भंगार आणलं की अख्खी पटाशी करण्याआधी त्यातूनच बोटभर रुंद, दहा-बारा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. ती तापवून तेलात बुडवा, कानस लावा, मग वाइसमध्ये धरून, वर जाड फडकं टाकून, चष्मा घालून हातोड्यानं मोडा. न मोडता वाकली तर पाणी लागलं नाही, थोडी जास्त तापवून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही वाकली तर ते पोलाद पटाशीचं नाही. कटकन मोडली आणि आतला भाग राखाडी, मखमलीसारखा बारीक दिसला, तर तुमचा रंग आणि तेल दोन्ही बरोबर आहेत. साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर जास्त तापवलं. त्या दिवशीचा रंग, तेल, ओव्हनचं तापमान पट्टीबरोबर कागदावर लिहून त्याच पाट्याच्या उरलेल्या तुकड्याला बांधून ठेवा. पुढची पटाशी त्याच पाट्यातून करताना अंदाज लावावा लागत नाही.

बेअरिंगच्या मोठ्या रिंगांनाही हेच लागू. त्यांचं पोलाद, ईएन ३१, एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियमचं, तिरप्या पटाशीला फार चांगलं. पण कडक रिंगवर हातोडा मारू नका, तुकडे गोळीसारखे उडतात. आधी लाल करून राखेत पुरून रात्रभर गार होऊ द्या, मग कापा. जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत टाकू नका, तो धूर विषारी असतो. उष्णता-प्रक्रिया करणाऱ्या वर्कशॉपकडून पाणी द्यायचं असेल तर तुकडा नेताना पोलादाची जात सांगा. "भंगारातलं आहे" एवढंच सांगितलं तर तापमान कुठलं लावायचं हे त्यांनाही ठरवता येत नाही. अशा वेळी आपली मोडलेली पट्टी आणि तिच्यासोबतचा कागद बरोबर न्या.